डीपी कुणाच्या बापाची?

(युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे, आकडे तेवढे नंतर नीट लावले.)



मला सांगितलं होतं की कवितेवर बोल. मी म्हटलं, कवितेवर पुढल्या वेळी बोलू, आज विजेवर बोलतो. तर मागून एकजण हसला. म्हणाला, हा कवी आहे का वायरमन? मित्रा, मी दोन्ही नाही. गोदीत ओझी उचलतो, रात्री लिहितो. आणि रात्री लिहायला बल्ब लागतो. त्या बल्बच्या वायरचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे, हे ज्याने विचारलं नाही त्याची कविता अर्धीच.

मी मॅट्रिक आहे, इंजिनियर नाही. पण राजपत्र मॅट्रिकवाल्याला वाचता येतं. दमून वाचावं लागतं, चार वेळा वाचावं लागतं, कारण ते तसंच लिहिलेलं असतं. पूर्वी जे काम संस्कृत करायची ते आता टेक्निकल इंग्रजी करते. ज्याच्या मानेवर नियम बसणार त्याला तो वाचता येऊ नये, एवढंच ते काम. आपले बापजादे ऐकायला गेले तर कानात शिसं होतं. आपण वाचायला गेलो तर कंटाळा आहे. कंटाळा हे आजचं शिसं आहे. म्हणून सांगतो, जांभई आली तरी ऐका.

विषयाचं नाव मोठं आहे. डिस्ट्रिब्युटेड जनरेशन आणि वितरणाच्या जाळ्याचं नियोजन. सोपं करून सांगतो. आजवर वीज लांब तयार व्हायची. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या त्याच्यावर फिरल्या. पुढे मुळशीला धरण बांधायला निघाले तेव्हा १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात होते. धरण झालंच. गावं पाण्याखाली गेली, उजेड मुंबईत आला. मग कोयना आली, चंद्रपूर आलं. एकाच्या घरादाराची राख, दुसऱ्याच्या घरात झुंबर. तर वीज तिकडे तयार व्हायची, उंच टॉवरवरून यायची, सबस्टेशनला उतरायची, तिथून डीपीला, डीपीवरून आपल्या खोलीत. वरून खाली. एकच दिशा. शिडी होती म्हणा ना, वरच्याने द्यायचं, खालच्याने हात पसरायचा.

आता पॅनल आलं. छपरावर ठेवलं, ऊन पडलं, वीज झाली. घरात लागली तेवढी लागली, उरली ती वायरवरून उलटी डीपीकडे चालली. खालून वर! वीज लांब एका जागी न होता हजार छपरांवर विखरून होते, म्हणून तिला विखुरलेली निर्मिती म्हणतात. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा आनंद झाला. वाटलं, चला, निदान विजेने तरी मनुस्मृती जाळली. तांब्याच्या तारेला वर-खाली काही कळत नाही. पण मित्रहो, तारेला कळत नसलं तरी नियमाला कळतं. त्या नियमाबद्दल आज बोलायचंय.

आधी बाबासाहेबांकडे जाऊ. आपल्या लोकांना बाबासाहेब घटनेपुरते माहीत. फोटोत कोट, हातात पुस्तक. पण १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते आणि वीज खातं त्यांच्याकडे होतं. पाणी, धरणं, दामोदर खोऱ्याची योजना, सगळ्यावर त्यांनी काम केलं. १९४३ साली वीज धोरणाच्या समितीपुढे त्यांनी मांडणी केली. तिचा गाभा असा की या देशाची गरिबी नुसत्या शेतीने जाणार नाही, उद्योग लागतील, आणि उद्योगाला स्वस्त आणि भरपूर वीज लागेल. वीज खासगी मालकाच्या हातात ठेवायची की सरकारच्या, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच टेबलावर ठेवला होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं, ते त्यांच्याच काळात. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर त्यांनी सरळ लिहिलं की मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत. म्हणजे विजेवर बोलणं हे आपल्या चळवळीच्या बाहेरचं काम नाही. आपणच ते सोडून दिलं. आपण पुतळ्याला हार घातला आणि खातं दुसऱ्यांना देऊन बसलो.

नंतर काय झालं ते थोडक्यात. १९४८ चा कायदा आला, राज्याराज्यांत वीज मंडळं झाली. २००३ साली नवा वीज कायदा आला. त्याने मंडळं फोडायला लावली. महाराष्ट्राचं मंडळ २००५ साली फुटून कंपन्या झाल्या. आणि दर ठरवायला, नियम करायला राज्य वीज नियामक आयोग आहे. त्याच कायद्याच्या कलम ८६ मध्ये लिहिलंय की सूर्य, वारा अशा विजेला उत्तेजन द्यायचं आणि तिला जाळ्यात जोडून घ्यायची सोय करायची, हे आयोगाचं काम. कलम ४२ म्हणतं की वितरणाचं जाळं नीट, काटकसरीने, कार्यक्षम ठेवायचं, हे कंपनीचं काम. तर कागद चांगला आहे. कागद नेहमीच चांगला असतो.

आता डीपीकडे या. गावाकडे डीपी म्हणतात, इथे शहरात आपण सबस्टेशनची पेटी म्हणतो. तिच्यात ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला ताकद असते, १०० केव्हीए, २०० केव्हीए, ६३० केव्हीए. गोदीत जशी क्रेनवर लिहिलेली असते, इतकेच टन उचल, तशी. डीपीवरून जशी वीज घ्यायला मर्यादा असते तशी डीपीकडे वीज ढकलायलाही असते. दुपारी बाराला ऊन कडक, घरात माणसं नाहीत, सगळी कामावर, आणि वीस छपरांवरून वीज उलटी निघाली, तर त्या लाइनीवरचं व्होल्टेज वाढतं. फार वाढलं तर पॅनलचे इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात, नाहीतर कुणाचा तरी फ्रिज उडतो. म्हणून नियमाने हद्द घातली. महाराष्ट्रात २०१५ च्या नियमांत ही हद्द ट्रान्सफॉर्मरच्या ताकदीच्या ४० टक्के होती. २०१९ च्या नियमांत ती ७० टक्के केली. त्यापलीकडे जायचं तर कंपनीने अभ्यास करून ठरवायचं.

हद्द हवीच. मी विज्ञानाला शिव्या घालायला उभा नाही. क्रेनवर पाच टन लिहिलेलं असताना सात टन उचलायला लावणारा मुकादम मी पाहिलाय, आणि वायररोप तुटल्यावर खाली कोण असतो तेही पाहिलंय. हद्द पाळलीच पाहिजे. प्रश्न हद्दीचा नाही. हद्दीच्या आतली जागा कुणाला, हा प्रश्न आहे.

गोदीतल्या माणसाला हे लगेच कळतं. बर्थ एक, जहाजं दहा. बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी. आता बर्थ कुणाला द्यायचा? त्याला रीत असते, कागद असतो. कुठल्या मालाला आधी, कुठल्या जहाजाला नंतर, हे ठरलेलं असतं. पोर्टात कुणी म्हणत नाही की जो आधी आला त्याने बर्थ कायमचा घ्यावा, वीस-पंचवीस वर्षं तिथेच बसावं. पण डीपीवर तेच होतं. जो आधी अर्ज करतो तो ७० टक्क्यांतला आपला तुकडा घेतो, आणि पॅनलचं आयुष्य पंचवीस वर्षं धरतात. म्हणजे बर्थ पंचवीस वर्षं अडला.

हिशोब करा. २०० केव्हीएची डीपी. ७० टक्के म्हणजे साधारण १४० किलोवॅट. तिच्यावर २८ बंगले आहेत असं धरा. प्रत्येकाने ५ किलोवॅट बसवलं. २८ पंचे १४०. संपली डीपी. त्याच डीपीवर मागे नाल्याला लागून २०० खोल्यांची वस्ती आहे असंही धरा. त्या वस्तीने पाच वर्षांनी वर्गणी काढली, समाजमंदिराच्या पत्र्यावर पॅनल टाकायचं ठरवलं, अर्ज केला. उत्तर काय मिळेल? क्षमता शिल्लक नाही. कुणी जात विचारली नाही. कुणी शिवी दिली नाही. नुसता एक टेक्निकल शेरा. सही, शिक्का.

आधी येईल त्याला आधी. किती निष्पाप वाक्य आहे! पण मला सांगा, या देशात आधी कोण येतो? ज्याच्या नावावर घर आहे तो. ज्याला बँक कर्ज देते तो. ज्याचा मेव्हणा कंत्राटदार आहे तो. ज्याला राजपत्र कंटाळा न येता वाचता येतं तो. आपण रांगेत मागे उभे नाही, आपल्याला रांग कुठे लागलीय तेच कळत नाही. हजार वर्षं ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं त्यांना आज म्हणायचं, अरे, तुम्ही उशिरा आलात!

महाडचं तळं आठवा. मुंबई कौन्सिलात बोले ठराव १९२३ साली पास झाला. महाडच्या नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं आहे असा ठराव १९२४ साली केला. कागद तयार होता. पाणी कुणी प्यालं का? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ओंजळ घेऊन उतरले तेव्हा पाणी प्यालं गेलं. मधली तीन वर्षं तळं कायद्याने खुलं होतं आणि प्रत्यक्षात बंद होतं. डीपीची क्षमता हे आजचं तळं आहे. ती सगळ्यांच्या बिलातून बांधली गेली. कायद्याने सगळ्यांना खुली आहे. तिच्यावर ओंजळ कोण भरतो ते बघा.

तुम्ही म्हणाल, सरकार तर आता गरिबाला फुकट पॅनल देतंय. बघू. फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना निघाली. एक कोटी घरं, ७५ हजार कोटी रुपये, महिन्याला ३०० युनिटपर्यंत मोफत विजेची घोषणा. अनुदान किती? १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार, ३ किंवा जास्तीला ७८ हजार. आता यातली पहिली अट वाचा. घर स्वतःचं हवं, आणि त्याला पॅनल ठेवता येईल असं छप्पर हवं. झालं! भाड्याच्या खोलीत राहणारा कापला. झोपडपट्टीतल्या दुसऱ्या माळ्यावरचा कापला. ज्याचं छप्पर म्हणजे शेजाऱ्याची जमीन तो कापला. मोठं पॅनल त्याला मोठं अनुदान, आणि ज्याचं बिल मुळात चाळीस युनिटचं, घरात पंखा आणि ट्यूब, त्याला ३ किलोवॅट करायचे काय? २०२५ साली महाराष्ट्र सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वापरणाऱ्या घरांसाठी ‘स्मार्ट’ नावाची वेगळी योजना काढली, जादा अनुदानाची. पाऊल बरं आहे, मी नावं ठेवणार नाही. पण तिचं नावसुद्धा रूफटॉपवरच उभं आहे. रूफटॉप म्हणजे छप्पर. छप्पर नसलेल्याला छपरावरचं अनुदान! हे म्हणजे अनवाणी माणसाला बुटाच्या पॉलिशवर सूट दिल्यासारखं झालं.

मी जिथे वाढलो तिथे मीटरसुद्धा आमचं नव्हतं. घरमालकाचं एक मीटर, त्याच्या पोटात आमची छोटी मीटरं. युनिटचा भाव तो सांगेल तो. माझी आई उजेडाच्या हिशोबाने स्वयंपाक करायची. सरकारी भाषेत आम्ही ग्राहकसुद्धा नव्हतो. जो ग्राहक नाही तो अर्ज काय करणार, रांगेत काय लागणार? अशी लाख-लाख माणसं या शहरात आहेत. नियोजन करणाऱ्याच्या नकाशात ती ‘लोड’ म्हणून असतात. माणूस म्हणून नसतात.

आता कुणी म्हणेल, आम्हाला पुनर्विकासात पक्कं घर मिळणार. बीडीडी चाळीतल्या लोकांना २०२५ साली वरळीत टॉवरच्या चाव्या मिळाल्या. चांगलं झालं, त्या चाळीने गिरणी पाहिली, १९७४ ची दंगल पाहिली, तिला पक्कं घर हक्काचंच. पण टॉवरचा हिशोब करा. ४० मजले धरा, मजल्यावर ८ घरं, ३२० घरं. गच्ची एकच. त्यातली टाक्या, लिफ्टची खोली सोडून ६,००० चौरस फूट मोकळी मिळाली म्हणा. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात. म्हणजे ६० किलोवॅट. दिवसाला किलोवॅटमागे ४ युनिट धरले तर २४० युनिट. ३२० घरांत वाटा. घरटी पाऊण युनिट. ते तर लिफ्ट आणि पाण्याचा पंपच खाऊन टाकेल. आणि बंगल्यावर ३ किलोवॅट असले तर त्या एका घराला दिवसाला १२ युनिट. ऊन सगळ्यांवर सारखं पडतं असं कवी लिहितात. माझ्यासारखे कवी. साफ खोटं आहे ते. ऊन जमिनीच्या सातबाऱ्याप्रमाणे पडतं.

पैसे कोण भरतं ते ऐका. फेब्रुवारी २०२४ ला केंद्राने ग्राहक हक्कांचे नियम बदलले. १० किलोवॅटपर्यंतच्या पॅनलला आता तांत्रिक अभ्यासाची गरज नाही, अर्ज मंजूर धरायचा. आणि ५ किलोवॅटपर्यंतच्या पॅनलसाठी लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर वाढवावा लागला तर तो खर्च कंपनीने स्वतः करायचा. हे लक्षात ठेवा, पाठ करा. उद्या वस्तीत कुणी येऊन ट्रान्सफॉर्मरचे पैसे मागू लागला तर हा नियम त्याच्या तोंडावर फेका. पण ‘कंपनीने स्वतः’ म्हणजे कुणी? कंपनीचा मालक खिशातून काढतो का? तो खर्च कंपनीच्या वार्षिक हिशोबात चढतो, हिशोब आयोगापुढे जातो, आयोगाने मान्य केला की दरात येतो. दर म्हणजे तुमचं माझं बिल. म्हणजे बंगल्यातल्या पॅनलसाठी जाड झालेली वायर भाड्याच्या खोलीतल्या विधवा बाईच्या चाळीस युनिटांतूनही थोडी थोडी भरली जाते.

मी कंपनीची बाजू घेत नाही, नीट ऐका. कंपन्यासुद्धा हेच रडगाणं गातात. म्हणतात, पॅनलवाले बिल भरत नाहीत, मग जाळ्याचा खर्च गरिबावर येतो, म्हणून स्थिर आकार वाढवा, नेट मीटरिंग बंद करा. गरिबाचा एवढा कळवळा यांना एरवी कधी आला होता? चांगलं बिल देणारा ग्राहक हातचा जातोय हे त्यांचं खरं दुखणं. २०१९ साली आयोगाचा मसुदा आला तेव्हा नेट मीटरिंग आवळून नेट बिलिंग आणायचा घाट होता. नेट मीटरिंग म्हणजे तुम्ही दिलेला एक युनिट तुम्ही घेतलेल्या एका युनिटातून वजा. नेट बिलिंग म्हणजे तुमचा युनिट स्वस्तात घ्यायचा, त्यांचा तुम्हाला महागात विकायचा. लोक सुनावणीला गेले, हरकती टाकल्या, आणि डिसेंबर २०१९ च्या अंतिम नियमांत नेट मीटरिंग राहिलं. केंद्रात तसंच झालं. डिसेंबर २०२० च्या नियमांत नेट मीटरिंग १० किलोवॅटपर्यंतच ठेवलं होतं. उद्योगवाल्यांनी ओरड केली, जून २०२१ ला ते ५०० किलोवॅटवर गेलं. सहा महिन्यांत! ज्याला आवाज आहे त्याच्यासाठी राजपत्र सहा महिन्यांत बदलतं. आपल्या हरकती तिथे किती होत्या? पॅनलवाल्याची बाजू होती, कंपनीची बाजू होती. छप्पर नसलेल्याची बाजू घेऊन उठायला आपल्यातलं कोण उठलं?

म्हणजे दोन खुर्च्यांवर दोन श्रीमंत बसून भांडतायत आणि दोघेही आपलं नाव घेतायत. तिसरी खुर्ची आपली आहे, ती रिकामी आहे.

शहराबाहेर चला. राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, २०१७ ला सुरू झालेली, २०२३ ला दुसरी आवृत्ती निघाली. गावच्या सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारायचे, त्यावर शेतीच्या लाइनी चालवायच्या, शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची. संभाजीनगर जिल्ह्यात धोंदलगावला ३ मेगावॅटचा पहिला प्रकल्प २०२४ साली चालू झाला. दिवसा वीज मिळाली पाहिजे, शंभरदा मिळाली पाहिजे. कारण रात्री दोनला पंप चालू करायला अंधारात बांधावर मालक जात नाही, सालगडी जातो. साप त्यालाच चावतो. ही योजना आपल्या माणसाचासुद्धा जीव वाचवू शकते, हे आधी मान्य करून मग पुढचं बोलतो.

जमीन कुठून येते? खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं ठरवलं. जमीनदाराला भाडं, ठीक. पण सरकारी जमीनही घेतात, गायरानही घेतात, नाममात्र भाड्याने. मित्रहो, गायरान म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारोंनी तुरुंग भरले. त्यानंतर आपल्या माणसांनी गायरानातले दगड वेचले, नांगर धरला, ज्वारी पेरली. १९७८ ते १९९० या काळातली अशी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय सरकारने १९९१ साली घेतला. किती लोकांच्या हातात सातबारा आला? माझे मामा त्या जमिनीचे दंडाचे कागद पिशवीत घालून तहसिलीत म्हातारे झाले. तलाठी बदलले, साहेब बदलले, पिशवी तीच. आता त्या रेकॉर्डवर नाव नसलेल्या जमिनीवर ‘उपलब्ध शासकीय जमीन’ असा शेरा पडू शकतो. नकाशात सबस्टेशनपासून इतके किलोमीटर, सपाट, विना वाद. विना वाद! ज्याचा वाद ऐकूनच घेतला नाही त्याची जमीन विना वाद.

सूर्याशी आमचं भांडण नाही. भांडण या नियोजनाशी आहे, जे सबस्टेशनपासूनचं अंतर मोजतं आणि कसणाऱ्यापासूनचं मोजत नाही. ज्याच्या शेतात पंप आहे त्याला दिवसा वीज, ज्याची जमीन आहे त्याला भाडं, कंपनीला पंचवीस वर्षांचा करार. कसणाऱ्याला काय? राखणदाराची नोकरी, तीसुद्धा कंत्राटी.

कंत्राटीवरून आठवलं. खांबावर चढतो तो कोण? वितरणात आज कंत्राटी लाइनमन ढिगाने आहेत. पूर्वी फ्यूज काढला की लाइन मेली. आता फ्यूज काढला तरी खालच्या एखाद्या छपरावरून वीज उलटी येऊ शकते. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे २०१३ चे नियम आहेत की मुख्य पुरवठा गेला की पॅनलच्या इन्व्हर्टरने दोन सेकंदांत स्वतःला तोडून घेतलं पाहिजे. उत्तम नियम आहे. पण स्वस्तातलं इन्व्हर्टर, न तपासलेली अर्थिंग, डीपीवर पाटी नाही, हातमोजे फाटलेले. त्या दोन सेकंदांवर ज्याचा जीव टांगलाय त्याला कुणी शिकवलं का? गोदीत हूक तुटला तर चौकशी हमालाची होते, हूकाची होत नाही. खांबावर तेच होणार. तेव्हा या लाइनमनांच्या लढ्यात आपण असलो पाहिजे. ते आपलेच आहेत.

आता करायचं काय? नुसती आग ओकून घरी जायचं असतं तर मी कविताच वाचली असती.

एक. प्रत्येक डीपीची यादी जाहीर करा. ताकद किती, किती भरली, किती उरली, कुणाला कधी दिली. मराठीत, वॉर्डच्या भिंतीवर. रेशन दुकानाबाहेर फळा लागतो तसा डीपीचा फळा लागला पाहिजे.

दोन. त्या ७० टक्क्यांतला ठरावीक हिस्सा वस्त्या, चाळी, भाडेकरू यांच्या सामुदायिक पॅनलसाठी राखून ठेवा. राखीव जागा म्हटलं की काहींच्या पोटात दुखतं. दुखू द्या. जाळं सगळ्यांच्या पैशाचं, तर जागाही सगळ्यांची. आज अर्ज केला नाही म्हणून हक्क मरत नाही.

तीन. छप्पर एकीकडे आणि मीटर दुसरीकडे, असं चाललं पाहिजे. दिल्लीच्या आयोगाने २०१९ साली आभासी नेट मीटरिंगचे नियम केले. म्हणजे पॅनल एका जागी, आणि त्याचे युनिट वाटणीप्रमाणे पन्नास घरांच्या बिलातून वजा. पालिकेच्या शाळेचं छप्पर आहे, मंडईचं आहे, बुद्धविहाराचा पत्रा आहे. भाडेकरूचंसुद्धा नाव त्यात चढलं पाहिजे. आणि नियम कागदावर करून थांबायचं नाही. एक वस्ती दाखवा जिथे तो चालतो.

चार. कंपनी पाच वर्षांचा आराखडा करते, कुठे नवी डीपी, कुठे जाड केबल. तो आराखडा करताना वस्तीत या. जिथे पोटमीटर आहेत तिथे आधी स्वतंत्र मीटर द्या. ग्राहक म्हणून नाव लागल्याशिवाय बाकीच्या गप्पा फुकट आहेत.

पाच. गायरानावर आधी कसणाऱ्याचं नाव, मग पॅनल. त्याला घ्यायचंच असेल तर जमीनदाराला जे भाडं तेच कसणाऱ्यांच्या सोसायटीला. एक पैसा कमी नाही.

सहा. खांबावर चढणाऱ्याला कायम नोकरी, प्रशिक्षण, हातमोजे. आणि उलट वीज येणाऱ्या प्रत्येक डीपीवर लाल पाटी.

हे कुठे मांडायचं? कायदा असा आहे की आयोगाला नियम करायचा तर मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, हरकती घ्याव्या लागतात. दर वाढवायचा तरी जाहीर नोटीस द्यावी लागते. हरकत लिहायला वकील लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, नाव-पत्ता-सही. आयोगाचं ऑफिस कफ परेडला आहे, वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये. एसी आहे, गालिचा आहे. तिथे सूटबूटवाले येतात आणि डीपीवर बोलतात. आपण आपल्या मळक्या कपड्यांत जायचं आणि डीपीवरच बोलायचं. प्रत्येक शाखेने दोन पोरं या कामाला द्यावीत, एक हिशोबात पक्का, एक तोंडाने पक्का. आधी आपल्या वस्तीची डीपी शोधा. तिच्यावर नंबर असतो, तो लिहून घ्या. तिच्यावर कोण कोण आहे, किती खोल्या, किती पोटमीटर, किती छपरं, ते घरोघर जाऊन वहीत उतरवा. कंपनीला लेखी विचारा की या नंबरच्या डीपीवर किती क्षमता उरली. उत्तर आलं नाही तर तक्रार निवारण मंचाकडे जा, तिथून विद्युत लोकपालाकडे. ती वही घेऊन पुढल्या सुनावणीला जाऊ.

कुणी म्हणेल, ही कसली क्रांती, अर्ज-विनंत्यांची? मित्रा, चवदार तळ्यावर जाताना लोकांनी हातात बंदूक नेली नव्हती. पण मागून ते परतले तेव्हा तळं तेच राहिलं नाही. पाण्याची क्रांती ओंजळीने झाली. विजेची वहीने सुरू होऊ दे. वहीने नाही भागलं तर कफ परेडच्या फुटपाथवर बसायला आपल्याला कुणी शिकवायला नको. फुटपाथची सवय आपल्याइतकी कुणाला आहे?

पुढच्या रविवारी सकाळी नऊला मी माझ्या वस्तीच्या डीपीखाली वही घेऊन उभा राहणार आहे. ज्याला यायचं त्याने पेन आणावं.

जयभीम.